पंधरा आकडे आणि एक फोन नंबर

इंग्लंडमध्ये पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप बसवणं ६ एप्रिल २०१६ पासून सक्तीचं झालं आणि मांजराला १० जून २०२४ पासून. पहिली तारीख आली तेव्हा मी लेस्टरजवळच्या एका छोट्या गावात, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पदवी हातात होती, पण इथल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा दिल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. त्या परीक्षेचा अभ्यास चालू होता. चिप बसवायला मात्र डॉक्टरच लागतो असं नाही. सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही ती बसवता येते. मी ते प्रशिक्षण घेतलं आणि या देशात मी जनावराला टोचलेली पहिली सुई चिपचीच होती. दुसरी तारीख आली तोवर त्याच दवाखान्यात मी डॉक्टर झाले होते. या दोन तारखांच्या मधल्या आणि नंतरच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चिप बसवणं हे या कायद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ते त्या चिपपुढे नोंदवलेला फोन नंबर चालू ठेवणं, आणि हा कायदा गळतो तो नेमका तिथेच.

चिप म्हणजे काय, हे अनेक वर्षं कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. आत बॅटरी नाही. चिप एरवी गप्प असते. रीडर जवळ नेला की त्याच्या रेडिओलहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ आकडी क्रमांक सांगते. एवढंच. जनावराचं नाव, मालकाचा पत्ता, दिलेल्या लसी यांतलं काहीही तिच्यात नसतं. हे सगळं दूर कुठल्यातरी कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतं, आणि क्रमांक हा तिथे पोचण्याचा एकमेव दुवा. चिपचा आंतरराष्ट्रीय मापदंड ठरलेला असल्यामुळे पुण्यात बसवलेली चिप लेस्टरमध्ये वाचता येते. क्रमांकाचे पहिले तीन आकडे एखाद्या देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. नऊने सुरू होणारे बहुतेक क्रमांक कंपन्यांचे.

आमच्या मराठी मंडळातले एक काका त्यांच्या बोक्याला घेऊन आले होते. चिप बसवून झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला.

"आता कुठलं अॅप घ्यायचं गं? हा रात्री कुठे भटकतो ते बघायचंय."

"काका, ही जीपीएस नाही. हा हरवला, कुणाला सापडला आणि त्या माणसाने याला दवाखान्यात आणलं, तरच ही चिप बोलणार."

"आणि नाही आणलं तर?"

"तर ती तशीच राहणार."

काका जरा खट्टू झाले, पण त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. चिपमुळे जनावर आपोआप घरी येत नाही. अनोळखी माणसाने त्याला उचलून आणायचं, कुणीतरी रीडर फिरवायचा, कुणीतरी डेटाबेसला फोन करायचा आणि शेवटी फोन वाजायचा तो बरोबर घरात. एवढ्या हातांपैकी एकही हात सुटला तर चिप असून नसल्यासारखी.

सुई जाड असते. लसीच्या सुईची सवय असलेला माणूस चिपची सुई पाहून चरकतो. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मानगुटीची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई कातडीखाली सरळ आणि नीट आत न्यायची, दट्ट्या दाबायचा, सुई काढल्यावर त्या जागी क्षणभर बोट धरायचं आणि मग रीडर फिरवून क्रमांक वाचून खात्री करायची. सुई टोचण्याआधीही रीडर फिरवायचा, कारण अंगात आधीच चिप असू शकते. मोठी कुत्री बहुतेक वेळा खाऊच्या नादात वळूनही बघत नाहीत. धाकधूक होते ती चिहुआहुआसारख्या जातींच्या पिल्लांची. कायद्याप्रमाणे पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत त्याला चिप बसलेली असावी लागते, आणि आठ आठवड्यांचं चिहुआहुआ तळहातावर मावतं. अशा वेळी आम्ही लहान आकाराची चिप आणि बारीक सुई वापरतो. पिल्लाची तब्येतच चिप सोसणारी नसेल तर डॉक्टर तसं प्रमाणपत्र देऊन मुदत वाढवू शकतो. ती सोय कायद्यात आहे. चिप कधीकधी कातडीखाली सरकते, खांद्यावर किंवा पार कोपरापर्यंतही जाते. म्हणून रीडर नुसता मानेवर टेकवून चालत नाही. तो सावकाश, नागमोडी, पाठीवरून, दोन्ही बाजूंनी आणि पुढच्या पायांवरून न्यावा लागतो. चिप सरकली किंवा बंद पडली तर ते सरकारच्या पशुऔषध संचालनालयाला कळवावं लागतं.

२०१६ च्या त्या वसंतात गर्दी उसळली होती. डॉग्ज ट्रस्टसारख्या संस्थांनी कुत्र्यांना फुकट चिप बसवून देण्याचा सपाटा लावला होता, आणि तरीही शेवटच्या आठवड्यात आमच्या दारात रांग होती. त्या रांगेतल्या म्हाताऱ्या मंडळींना जुना कुत्रा-परवाना आठवत होता. साडेसात शिलिंगांचा परवाना, पुढे तो ३७ पेन्सचा झाला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदच करण्यात आला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं इंग्लंडमध्ये कुत्र्यांची कसलीही सक्तीची नोंद नव्हती. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचं नाव-पत्ता लिहिलेला पट्टा हवा, एवढा १९९२ चा आदेश मात्र होता आणि तो अजूनही आहे. चिप बसली म्हणून पट्टा सुटत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते. पट्ट्यावरचा फोन नंबर शेजारच्या शाळकरी मुलालाही वाचता येतो. चिप वाचायला रीडर लागतो.

कायद्याचा मजकूर मी परीक्षेच्या निमित्ताने बारकाईने वाचला होता. त्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट ही, की नुसती चिप अंगात असणं पुरेसं धरलेलं नाही. जनावर ज्याच्याकडे राहतं त्याचं नाव, पत्ता, फोन, शिवाय जनावराचं नाव, जात, रंग, नर की मादी आणि अंदाजे जन्मतारीख, हे सगळं मान्यताप्राप्त डेटाबेसमध्ये असलं पाहिजे आणि आजच्या घडीला खरं असलं पाहिजे. घर बदललं आणि पत्ता बदलला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तुमच्या कुत्र्याला चिपच नाही. अशा वेळी कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, नोटीस देऊ शकतं. नोटिशीनंतर २१ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कागदावर हे ठीक आहे. पण पत्ता जुना आहे हे कळणार कधी? जनावर हरवून सापडेल तेव्हाच, म्हणजे उशीर झाल्यावर. दंड झालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. जुन्या पत्त्यामुळे कुत्रा गमावलेली माणसं भेटली आहेत.

त्यांतल्या एकाची हकिगत सांगते. कालव्याच्या काठी फिरायला गेलेल्या एका बाईंना एक लर्चर सापडला. लर्चर म्हणजे ग्रेहाउंडच्या रक्ताचा उंच, सडपातळ कुत्रा. गळ्यात पट्टा नव्हता, पण अंग स्वच्छ होतं, नखं कापलेली होती. कुणाचा तरी लाडका होता हे दिसतच होतं. बाईंनी कौन्सिलला कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून कुत्रा आमच्याकडे आणला. रीडर फिरवताच क्रमांक आला. आम्ही सगळे खूश झालो; अर्ध्या तासात घरचं माणूस दारात उभं राहील असंच वाटलं. क्रमांकावरून डेटाबेस सापडला, डेटाबेसने नोंदलेल्या नंबरावर फोन केला. तो नंबर बंद होता. पत्ता नॉटिंगहॅमचा होता. कौन्सिलने तिथे पत्र पाठवलं. त्या घरात आता दुसरेच भाडेकरू राहत होते.

१९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात बेवारशी कुत्र्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. कौन्सिलने त्याला सात दिवस सांभाळायचं. त्यात कुणी आलं नाही तर त्याला नवं घर देता येतं आणि सद्भावनेने कुत्रा घेणाऱ्या त्या माणसाची मालकी पक्की होते. त्या लर्चरचं तसंच झालं. सात दिवस झाले, तो एका संस्थेकडे गेला, आणि दिसायला देखणा, वागायला शांत असल्यामुळे त्याला लगेच घरही मिळालं. पुढे काही आठवड्यांनी एक गृहस्थ शाळकरी मुलाला घेऊन आमच्या रिसेप्शनवर आले. हातात 'हरवला आहे'चे कागद होते. एक काचेवर लावू द्याल का, असं विचारत होते. फोटो बघितला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. नोकरीसाठी ते नॉटिंगहॅमहून इकडे आले होते, भाड्याचं घर, नवा मोबाइल. तोवर त्यांनी गावभर शोध घेतला होता, झाडाझाडावर कागद लावले होते. कौन्सिलला फोन करावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यांना खात्री होती की कुत्रा कुणालाही सापडला तरी फोन आपल्यालाच येणार.

"पण त्याला चिप होती ना?" ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

संस्थेने त्यांचं पत्र नव्या घरापर्यंत पोचवलं. तिथली मुलं तोवर त्या कुत्र्याला बिलगून झोपायला लागली होती. त्या कुटुंबाने नाही म्हटलं आणि कायदा त्यांच्या बाजूने होता. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्या गृहस्थांनाही नाही. घर बदलताना बँक, गॅस, वीज, मुलाची शाळा, डॉक्टर अशा सतरा ठिकाणी पत्ता बदलायचा असतो. त्यात कुत्र्याच्या कातडीखालच्या क्रमांकाची आठवण कोण करून देणार? कायद्याने ती जबाबदारी एकट्या माणसावर टाकली आणि त्याला आठवण करून देणारी काहीच व्यवस्था उभी केली नाही. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात दर वर्षीच्या लसीच्या वेळी रीडर फिरवायचा आणि "राहतं घर तेच ना, फोन तोच ना?" हे विचारायचं, असा नियम आम्ही घातला. विचारलं की दर आठवड्याला एखाद-दुसरा तरी म्हणतोच, "अरेच्चा, तो तर जुना नंबर."

नोंदी जुन्या राहतात याचं दुसरं कारण डेटाबेसच आहेत. इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त डेटाबेस एक नाही, वीसहून अधिक आहेत. सगळ्या खासगी कंपन्या किंवा संस्था. कुठे पत्ता बदलणं फुकट, कुठे दर बदलाला पैसे, कुठे एकदाच मोठी रक्कम. आपली चिप कुठल्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. शोधायला गेलं तर मान्यता नसलेल्या, पण नावाने आणि रूपाने तशाच दिसणाऱ्या वेबसाइट पुढे येतात आणि माणूस तिथे पैसे भरून निर्धास्त होतो. कायद्याप्रमाणे पिल्लाची पहिली नोंद त्याची पैदास करणाऱ्याच्या नावाने होते; पिल्लू विकताना ती नव्या माणसाच्या नावाने करायची असते. ती होत नाही आणि सापडलेल्या कुत्र्याबद्दलचा फोन तीन घरं मागे राहिलेल्या ब्रीडरला जातो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली अशीच एक खासगी नोंदणी कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नाव नोंदवलेल्या लोकांची जनावरं चिप असूनही बिननोंदीची झाली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९९८ च्या कायद्याखाली एकच सरकारी नोंदवही आहे. मला तेच बरोबर वाटतं. जिथे सक्ती सरकारची, तिथे नोंदवहीही सरकारने सांभाळली पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२४ साली सरकारने निदान डॉक्टर आणि कौन्सिलांना सगळे डेटाबेस एकाच ठिकाणाहून शोधता यावेत अशी सोय करण्याचं जाहीर केलं. मला विचाराल तर ती सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

मांजरांचा कायदा आला तेव्हा वातावरण वेगळं होतं. कायद्याआधी सरकारचाच अंदाज होता की इंग्लंडमध्ये वीस लाखांहून अधिक मांजरं चिपशिवाय आहेत. मांजर २० आठवड्यांचं व्हायच्या आत चिप बसवायची, दंडाची तरतूद कुत्र्यांसारखीच. माणसांच्या जवळ न येणारी, शेतावर किंवा वस्तीत मोकळी वावरणारी मांजरं यातून वगळली, हे चांगलं केलं. पण मांजर कुणाचं, हा प्रश्न कुत्र्याइतका सरळ नसतो. कुत्रा एका घरचा असतो. मांजर अनेकदा दोन-तीन घरी जेवतं.

त्या मे महिन्यात एक निवृत्त बसचालक राखाडी मांजर घेऊन आले. नाव स्मोकी. गेली काही वर्षं ते त्यांच्याकडेच होतं. एका थंडीत मागच्या दाराशी आलं, कुणी विचारायला आलं नाही, राहिलं. आता कायदा आलाय तर चिप बसवून टाकू म्हणून आणलं. मी सवयीप्रमाणे आधी रीडर फिरवला. क्रमांक आला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

अशा वेळी डॉक्टर म्हणून आमचे हात बांधलेले असतात. समोरच्या माणसाच्या संमतीशिवाय मी त्यांचं नाव डेटाबेसला सांगू शकत नाही, आणि डेटाबेस मला पलीकडच्या माणसाचं नाव सांगत नाही. डेटाबेसमध्ये नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं असंही नाही. तो वाद गेलाच तर कोर्टात जातो. मी त्यांना हे सगळं सांगितलं आणि पिंजऱ्यातल्या मांजराशेजारी त्यांना एकट्याला बसू दिलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फोन करा. कुणीतरी अजून वाट बघत असेल तर?"

डेटाबेसने फोन केला. या वेळी नंबर चालू होता. ते कुटुंब घर बदलून दुसऱ्या शहरात गेलं होतं आणि सामान हलवण्याच्या गडबडीत मांजर निसटलं होतं. गाव सोडलं तरी त्यांनी नंबर बदलला नव्हता, मुद्दाम. त्यांनी फोटो मागवला, तो बघून त्या बाई रडल्या, आणि दोन दिवसांनी कळवलं की त्याला आता जिथे घर वाटतं तिथेच राहू द्या. नोंद बसचालकांच्या नावाने झाली. दोन्ही घरांचा मोठेपणा होता हा. पण तो दाखवायची संधी मिळाली ती चालू असलेल्या एका फोन नंबरमुळे.

आणि एक काम आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे मेलेल्या मांजराचा क्रमांक वाचणं. इथल्या रस्ता वाहतूक कायद्यात गाडीखाली कुत्रा, घोडा, गाय, गाढव, मेंढी, डुक्कर किंवा शेळी आली तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या यादीत मांजर नाही. रस्त्यावर मेलेलं मांजर उचलणाऱ्या कौन्सिलच्या माणसांनाही रीडर फिरवण्याची कायद्याने सक्ती नाही. अनेक कौन्सिलं स्वतःहून ते करतात, काही करत नाहीत. ती सक्ती व्हावी म्हणून मांजरप्रेमी वर्षानुवर्षं झगडत आहेत आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. आमच्याकडे वाटसरू अशी मांजरं टॉवेलात गुंडाळून आणतात. त्यांचं करण्यासारखं काही उरलेलं नसतं, तरी मी रीडर फिरवते. मग फोन करायचा. पहिल्यांदा हे काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं की वाईट बातमी सांगून आपण कुणाच्या दुःखात भरच घालतोय. पण ज्या बाईंना मी तो पहिला फोन केला त्या म्हणाल्या, "गेले कित्येक दिवस मी मागचं दार रात्रभर उघडं ठेवत होते. आज लावीन." नंतर त्या येऊन मांजराला घेऊन गेल्या आणि अंगणात पुरलं. चिपचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला आधी त्या आठवतात. हरवलेलं जनावर परत मिळणं मोठंच, पण त्याचं काय झालं ते कळणंही लहान नाही.

महाराष्ट्राशी माझ्या या कामाचा संबंध येतो तो मुख्यतः फोनवर. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इकडे येणारी तरुण जोडपी आता कुत्रं सोडून येत नाहीत, बरोबर आणतात. याचा मला फार आनंद आहे. कोथरूडची एक मुलगी तिच्या देशी कुत्रीला आणत होती. रस्त्यावरून उचलून वाढवलेली, शहाणी कुत्री. तिकीट, पिंजरा, कागदपत्रं सगळं तयार करून तिने मला फाइल पाठवली. रेबीजची लस जानेवारीतली आणि चिप मार्चमधली.

"ताई, लस तर अगदी वेळेवर दिलीये. चिपही आहे. मग अडलं कुठे?"

अडलं ते क्रमात. चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस इथे धरली जात नाही, कारण ती लस याच कुत्रीला दिली हे सिद्ध करणारा क्रमांक त्या दिवशी तिच्या अंगात नव्हता. म्हणजे लस पुन्हा. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यात रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती किमान ०.५ एकक निघाली पाहिजे, आणि नमुना घेतल्याच्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं. भारतातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना हाच नियम. ती मुलगी पुढे आली, कुत्री आजी-आजोबांकडे राहिली आणि उन्हाळा संपता संपता येऊन पोचली. इकडे जनावर आणायचा विचार असेल त्यांनी सगळ्यांत आधी चिप बसवावी, मग लस. लस देताना डॉक्टरांना रीडर फिरवून तोच क्रमांक लसीच्या पुस्तिकेत लिहायला लावावा, आकडा न आकडा ताडून बघावा. आणि इथे आल्यावर तो भारतात बसवलेला क्रमांक इथल्या डेटाबेसमध्ये आपल्या नव्या पत्त्यासह नोंदवावा. चिप वाचता येते म्हणून नोंद आपोआप होत नाही.

आपल्याकडे जनावरांना क्रमांक देणं नवीन नाही. साताऱ्याजवळ मामांच्या गोठ्यातल्या गाई-म्हशींच्या कानात आता १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याचा कान कापून खूण करतात; ती तर रीडरशिवाय लांबून दिसते आणि त्या कामाला तीच योग्य आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना मुंबई-पुण्यात महापालिकेकडून काढावा लागतोच. आता चेन्नईसारख्या महापालिकांनी परवान्याला चिपचीही जोड दिली आहे, आणि उद्या हे आपल्या शहरांतही येईल. यावं, असंच मला वाटतं. लाडात वाढवलेली लॅब्रेडॉर आणि हस्की म्हातारपणी किंवा आजारपणात रस्त्यावर सोडून देणारी माणसं परळच्या दवाखान्यात शिकत असताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या कुत्र्यांच्या मागे कुणाचंही नाव नव्हतं, आणि सोडणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

पण सुरुवात सुईपासून केली तर इंग्लंडमध्ये जे झालं तेच आपल्याकडे होईल, आणि जास्त वेगाने होईल. आपल्या शहरांत कितीतरी माणसं अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतात. मोबाइल नंबर टिकतो, पत्ता टिकत नाही. काहींचा नंबरही टिकत नाही. म्हणून आधी एकच नोंदवही उभी राहू दे, संपूर्ण राज्याची, महापालिकेगणिक वेगळी नको. ठाण्यात नोंदलेला कुत्रा मुलुंडमध्ये सापडला तर दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवायला नको. त्या नोंदवहीत पत्ता आणि फोन बदलणं कायम फुकट असावं, मराठीत बोलणारं माणूस फोनवर असावं, आणि दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी फोन नंबर विचारल्याशिवाय अर्ज पुढेच सरकू नये. रीडर खासगी दवाखान्यांत तर हवाच, पण वॉर्ड ऑफिसात, प्राणिमित्र संस्थांच्या गाड्यांत, अग्निशमन दलाकडेही हवा. ही तयारी झाल्यावर सुई हातात घ्यावी. दंड सगळ्यात शेवटी.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या कुत्र्याला किंवा मांजराला चिप असेल, तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना रीडर फिरवायला सांगा. आलेला १५ आकडी क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये जपून ठेवा. ज्या कंपनीकडे नोंद आहे तिथे फोन करून विचारा, या क्रमांकापुढे कुणाचं नाव आणि कुठला नंबर लिहिलाय. जुना निघाला तर त्याच दिवशी बदलून घ्या.